वीतभर खालून

चार महिने पाऊस नव्हता, आणि त्यात पूर्वेकडच्या पेटलेल्या जंगलांचा धूर. सकाळी उठून बघावं तर मरापी डोंगर जागेवर नाही. सूर्य वर यायचा तोही हळद फासल्यासारखा पिवळा, आणि दुपार झाली तरी सावली पडायची नाही. संत्र्याच्या झाडांनी निम्मी पानं टाकली होती, उरलेली गुंडाळून घेतली होती. बागेत हिरवं असं एकच उरलं होतं, ते म्हणजे बांडगूळ. झाडानं मुळं खोल घालून कुठून कुठून ओढून आणलेलं पाणी हे वर बसून प्यायचं. लांबून बघणाऱ्याला वाटावं, बाग बरी आहे.

सुतान मुडो शिडीवर चढून अठ्ठाविसावं झाड साफ करत होता. मुडो म्हणजे तरणा. त्यांच्याकडे लग्नाच्या दिवशी पुरुषाला पदवी मिळते आणि त्यानंतर सासरच्या गावानं त्याला जन्माच्या नावानं हाक मारायची नाही, अशी रीत. पस्तीस वर्षांपूर्वी तो या घरात जावई म्हणून आला तेव्हा ती पदवी त्याला शोभत होती. आता साठी उलटली, शिडीच्या प्रत्येक पायरीला गुडघा वाजत होता, तरी तो तरणाच. पोरंटोरं मागून हसत, आणि त्यालाही त्यात काही गैर वाटत नसे.

बांडगूळ काढायचं म्हणजे नुसतं हिरवं ओरबाडायचं नसतं. ते सालीखाली लाकडात घुसलेलं असतं. वरून त्याच्या मुळ्या फांदीवर सरपटत जातात आणि जागोजाग दात रोवतात. म्हणून गाठ दिसते तिथं कोयता घालायचा नाही, तिच्या वीतभर खालून फांदीच तोडायची. झाडाचा जीव वाचवायचा तर आपला जीव थोडा करून चालत नाही. तोडल्या जागी चुना फासायचा आणि पुढची फांदी धरायची.

"किती झाली, सुतान मुडो?"

खाली दातुक उभा होता. बायकोचा थोरला भाऊ. कुळाचा प्रमुख म्हणून सगळा गाव त्याला दातुक म्हणायचा. इथली जमीन आईकडून लेकीकडे जाते, घरही लेकीचं, पण बोलायचं असलं की मामानं. सुतान मुडोची बायको जुस्निदार गेली, आणि आता त्या घराविषयी जे काही बोलायचं ते हाच बोलणार होता.

"सत्तावीस झाली, दातुक. हे धरून चौदा राहिली."

"विहिरीजवळचं धरून?"

"ते धरून."

दातुकनं हातातल्या काठीनं एक फांदी खाली वाकवली. मग पलीकडच्या झाडाची, मग त्याच्या पलीकडच्या. त्याला घाई नव्हती. घाईनं बोलणं त्याच्या पदवीला शोभणारं नव्हतं.

"मी काल सबंध बाग फिरलो," तो म्हणाला. "पक्षी बांडगुळाचं फळ खातो, बी त्याच्या ढुंगणाला चिकटतं, ते तो फांदीला घासून पुसतो. हे मला कुणी शिकवायला नको. लहानपणी गलोल घेऊन मी त्या फुलटोच्यांच्या मागं हिंडलोय. पण पक्षी शेंड्याला बसतो की हो. इथं बघा. ही गाठ माणसाच्या छातीच्या उंचीला. ती पण छातीच्या उंचीला. अख्ख्या ओळीला तसंच. पक्ष्यानं काय फूटपट्टी आणली होती?"

सुतान मुडोनं शिडीवरून खाली बघितलं नाही. कोयत्याच्या पात्याला लागलेला चीक त्यानं लुंगीला पुसला.

"बोला ना."

"काय बोलू, दातुक? मी साफ करतोय."

"करताय, ते दिसतंय. जुस गेल्याचा शंभरावा दिवस आता पंधरवड्यावर आला. तुमची बहीण रीतीप्रमाणं तबक घेऊन तुम्हाला न्यायला येईल. येऊ दे. पण माझं एक म्हणणं आहे. यार्निस घरात एकटी आहे. तुमच्या हातची बाग आहे. चटई बदलली तर बदलली, घर तेच. बागेला माणूस राहील, तुम्हाला छप्पर राहील."

चटई बदलणं म्हणजे गेलेल्या बायकोच्या बहिणीशी लग्न. रीत जुनी होती, त्यात लाज वाटावी असं काही नव्हतं.

"ते नाही जमायचं, दातुक. आणि नाहीच म्हटलं तर?"

"तर जाण्याआधी चार माणसांत मला विचारावं लागेल, की ही ओळ कुणी लावली." दातुकनं फांदी सोडली. ती वर गेली आणि दोन वाळकी पानं त्याच्या टोपीवर पडली. ती त्यानं झटकली आणि तो निघून गेला.

ओळ कुणी लावली हे सुतान मुडोच्या अंगठ्याला ठाऊक होतं.

तीन वर्षांपूर्वी जुसनं त्याचा हात धरून स्वतःच्या छातीवर ठेवला होता आणि विचारलं होतं, हे काय लागतंय बघा. लागत होतं ते सुपारीएवढं होतं. बाजारातल्या झाडपाल्यावाल्यानं सांगितलं, संत्र्यावरच्या बांडगुळाची पानं उकळून पी, गाठ विरते. डॉक्टरकडे जाऊ म्हटलं तर जुसनं शपथ घातली. कारण एकच होतं, रेस्ती. इथं घर चालतं ते मुलींवर आणि दुसऱ्यांची मुलं जावई होऊन आली तरच. 'या घरातल्या बायकांच्या रक्तातच आहे' एवढं एक वाक्य बाजारात गेलं की रेस्तीच्या दारात मुलगा कोण पाठवणार? रेस्तीचं लग्न होऊ दे, मग कुठंही न्या, असं जुस म्हणाली होती. आणि त्यानं शब्द दिला होता.

तेव्हा बागेत बांडगुळाचे दोनच झुबके होते, विहिरीजवळच्या झाडावर. आठवड्यात ते ओकेबोके झाले. मग सुतान मुडोनं पिकली फळं चिरडली, आणि ते चिकट बी तो अंगठ्यानं फांद्यांवर चोळत गेला. एका झाडाला, दुसऱ्याला, ओळीनं. आयुष्यभर ज्या पक्ष्याला शिव्या दिल्या त्याचंच काम त्यानं केलं. बी रुजलं, हिरवी चकती फुटली, पानं आली, लाल-केशरी फुलं आली, आणि फुलं आली म्हटल्यावर पक्षी आपणहून आले. त्यांनी उरलेली बाग भरून टाकली. जुस कडू काढा पीत राहिली. शेवटी तिला खोकला लागला तेव्हा धूर सुरू झालेला होता, आणि गावाला कारण आयतंच सापडलं.

आता जुस नव्हती आणि बांडगूळ होतं.

*

जुस गेल्यावर सातव्या दिवशी त्यानं आपली गादी ओसरीत आणली होती. कुणी सांगितलं नव्हतं. आतल्या खोल्या बायकांच्या, आणि त्यातल्या एकीचा नवरा म्हणून तो आत झोपत होता. ती गेली, खोली मिटली.

बहिणीकडे तो मध्ये एकदा जाऊन आला होता. टेकडीपलीकडे अर्ध्या तासावर त्याच्या आईचं घर होतं. अस्नीनं चांगला भात वाढला, वाळका मासा तळला, मिरचीचा ठेचा वाटला, 'रुस्दी, घे की अजून' म्हणत राहिली. कितीतरी दिवसांनी जन्माचं नाव ऐकून त्याला बरंही वाटलं आणि कानकोंडंही झालं. पण जेवण झाल्यावर ती म्हणाली, "झोपायला तुला सुरावमध्येच जावं लागेल रे. खोल्या तीनच, आणि तिन्ही लेकींच्या."

सुराव म्हणजे गावाचं नमाजघर. सात वर्षांचा मुलगा आईच्या घरातून निघतो आणि लग्न होईपर्यंत तिथं झोपतो. म्हातारपणी बायको गेली की परत तिथंच. त्यानं डोकावून बघितलं. चार म्हातारे चार कोपऱ्यांत होते, प्रत्येकाच्या उशाशी एक बोचकं, आणि सगळे धुरानं खोकत होते. एकानं त्याच्यासाठी खिडकीजवळची जागा दाखवली, फार प्रेमानं. जन्मला त्या घरात खोली नाही, राबला त्या घरात खोली नाही. पुरुषाचा जन्म म्हणून मिरवायचं ते एवढ्यासाठीच.

"आबा, तुम्ही मामाला नाही म्हणालात ना?" दातुक बागेत येऊन गेला त्या संध्याकाळी रेस्तीनं विचारलं. पंचविशीची पोर, आईसारखंच कपाळ. तिनं त्याच्यापुढे करवंटीत कॉफीच्या पानांचा चहा ठेवला होता. शेजारच्या कोतोबारू गावच्या एका घरातून तिच्यासाठी मुलाची बोलणी आली होती. शंभरावा दिवस झाला की शब्द पक्का व्हायचा होता.

"नाही म्हणालो."

"बरं केलंत. आईची कबर अजून ओली आहे म्हणतात लोक. पाऊस नाही तरी." तिनं करवंटी त्याच्याजवळ सरकवली. "तुम्ही तिकडं सुरावमध्ये राहिलात तर मी रोज डबा पाठवीन. पण मावशीच्या खोलीत तुम्हाला जाताना बघायला मला सांगू नका."

"नाही जाणार," सुतान मुडो म्हणाला. आणि ते त्यानं मनापासून म्हटलं होतं.

*

यार्निसचंही म्हणणं तेच होतं, फक्त तिचं तोंड जास्त तिखट होतं. वय सेहेचाळीस. नवरा कामासाठी समुद्रापलीकडे गेला आणि चार ओळींच्या पत्रातून तलाक देऊन सुटला, त्याला बारा वर्षं झाली. भातशेती तिची तीच करायची. त्या पंधरवड्यात रोज दुपारी ती बागेत यायची, तोडलेल्या फांद्यांचे भारे करून कडेला न्यायची आणि पेटवायची. ओलं बांडगूळ लवकर जळत नाही, ते फसफसतं आणि डोळ्यांत पाणी काढतं.

"दाजी, तुमच्याशी लग्न करण्यापेक्षा मी त्या डोंगराशी करीन," ती म्हणाली. "तो निदान धुरात दिसत तरी नाही."

"मी कुठं मागणी घातली?"

"घालू पण नका. दादाला बागेला गडी पाहिजे, आणि मी म्हणजे गड्याची चटई. त्याला वाटतं, दोन अडलेली जनावरं एका गोठ्यात बांधली की काम झालं." तिनं भारा बांधला, गुडघा टेकून डाव्या खांद्यावर घेतला, आणि उठताना तिचा तोल गेला.

"उजव्यावर घे ना. नेहमी उजव्यावर घेतेस."

"तुम्ही झाडावर लक्ष द्या. पडलात तर शंभराव्या दिवशी दोन फातिहा वाचावे लागतील."

तो हसला. जुस गेल्यापासून पहिल्यांदाच हसला असेल. खांद्याचं पुढे त्याच्या डोक्यातून गेलं. एवढं काम ओढल्यावर कुणाचाही खांदा दुखेल.

दिवस असे जात होते. पहाटे नमाज, मग शिडी. चुन्यानं बोटांना भेगा पडल्या. तिसावं, तेहतिसावं, छत्तिसावं. कापलेली झाडं फार केविलवाणी दिसत, न्हाव्यानं अर्धं डोकं सोडून दिल्यासारखी. पण गाठी गेल्या होत्या. त्यानं मनाशी ठरवलं होतं, एकेचाळीस झाडं साफ करायची आणि मग जायचं. मग दातुकनं चार माणसांत काहीही विचारलं तरी मान खाली घालून म्हणायचं, चूक झाली, निस्तरली. दोष घेऊन का होईना, सुटायचं. सुरावच्या खिडकीजवळ बसून म्हातारं व्हायचं. त्याला त्या खिडकीची आता ओढही वाटायला लागली होती.

विहिरीजवळचं झाड त्यानं मुद्दाम शेवटाला ठेवलं होतं. शंभराव्या दिवसाला तीन दिवस उरले तेव्हा तो शिडी घेऊन तिथं गेला. पहिली पायरी चढला आणि थांबला.

खालचा झुबका कुणीतरी खुडला होता. देठांच्या जागी अजून चीक ओला होता. आणि हे खुडणं शेळीचं नव्हतं. जून पानं तेवढी घेतलेली, कोवळे शेंडे राखलेले, म्हणजे महिन्याभरात झुबका पुन्हा भरेल. असं खुडायला त्यानंच एकीला शिकवलं होतं. ती आता मशिदीमागच्या मातीत होती.

त्यानं शिडी तशीच टेकवून ठेवली आणि तो मागच्या दारानं स्वयंपाकघराकडे गेला. दारातच त्याला वास आला. भिजलेल्या सालीसारखा, कडवट. तीन वर्षं ज्या वासात तो झोपला होता तो वास. यार्निस चुलीपुढे बसली होती आणि डाव्या हातानं फुंकणी धरून फुंकत होती. उजवा हात मांडीवर, जपून ठेवल्यासारखा.

"कधीपासून?" त्यानं विचारलं.

"काय कधीपासून?"

"यार्निस."

ती थोडा वेळ फुंकत राहिली. मग फुंकणी खाली ठेवली.

"तिला शेवटची आंघोळ घातली ना, त्या दिवशी बघितलं मी. पाणी ओतताना कापड सरकलं. मी वरून दुसरं ओढलं, बाकीच्या बायकांना दिसू दिलं नाही. मग घरी येऊन स्वतःचं चाचपून बघितलं. मला वाटलं नुसतंच बघू. तर होती. वाटाण्याएवढी. आता मोठी झालीय, काखेतपण आलंय काहीतरी. हात वर जात नाही."

सुतान मुडो उंबऱ्यावरच बसला.

"ही पानं काही करत नाहीत," तो म्हणाला.

"ती तीन वर्षं जगली."

"तीन वर्षं मरत होती. मी बघत होतो. तुम्हाला कुणाला नाही दिसलं, मी बघत होतो." त्याचा आवाज चढला, तसा तिनं दाराकडे बघून हात केला. तो हळू बोलायला लागला. "बुकिटिंगीला चल. मोठा दवाखाना आहे. लहान आहे तोवर कापून काढतात म्हणे."

"कुणाबरोबर? तुमच्याबरोबर? मेलेल्या बहिणीच्या नवऱ्याच्या मांडीला मांडी लावून वडापच्या जीपमध्ये बसू? दुपारच्या आत कोतोबारूला कळेल. एकटी जाऊ? मागल्या वर्षी वरच्या आळीतली एकटी गेली होती, तिची गोष्ट अजून बाजारात भाजीबरोबर विकतात. दादाला सांगू? तो आधी मांत्रिक आणील, मग गाव." तिनं पातेल्यावर झाकण ठेवलं. "रेस्तीचं लग्न होऊ दे. मग कुठंही न्या. तोवर हे एक झाड ठेवा, दाजी. एवढाच शब्द द्या."

तेच स्वयंपाकघर होतं, तीच चूल, आणि तेच शब्द, एकही कमीजास्त नाही. सुतान मुडो उठला आणि काही न बोलता बाहेर गेला. तिला वाटलं, शब्द दिला.

त्या दिवशी त्यानं झाडाला हात लावला नाही. शिडीवर नुसताच बसून राहिला. बाहेर पडायला जेवढ्या वाटा होत्या त्या त्यानं मनात एकेक करून चालून बघितल्या. निघून जावं, तर ही इथं पानं खुडत बसणार आणि आणखी तीन वर्षांनी रेस्ती तिला आंघोळ घालणार. दातुकला सांगावं, तर रेस्तीचं लग्न मोडणार आणि यार्निस आयुष्यभर तोंड बघणार नाही. रेस्तीला सांगावं, तर पोर स्वतःचीच छाती चाचपत बसेल. एकच वाट उरत होती, आणि त्या वाटेनं जाणार नाही असा आपण लेकीला शब्द दिलाय, हे त्याला चांगलं आठवत होतं. समोर एक लाल पाठीचा फुलटोच्या, अंगठ्याएवढा जीव, झुबक्यातली मिटलेली फुलं चोचीनं चिमटत होता. फूल फट्‌कन उघडे, तो मध पिई आणि पुढल्यावर जाई. त्याला कुणाला काही सांगायचं नव्हतं.

*

शंभराव्या दिवशी दुवा झाली, जेवणं झाली, आणि माणसं मोठ्या खोलीत भिंतीला टेकून बसली. अस्नी आली होती, आणि तिच्याबरोबर त्याच्या कुळातले दोन म्हातारे. तिनं चांगली काळी ओढणी घेतली होती. पितळी तबकात पान, सुपारी, चुना, वर जरीचं कापड. भावाला परत न्यायचं तर ताठ मानेनं न्यायचं, असं ठरवूनच ती टेकडी उतरली होती. सुतान मुडोचं बोचकं दाराजवळ बांधून ठेवलं होतं. येताना जे आणलं तेच न्यायचं, बाकी घराचं घराला. कोयता, दोन लुंग्या, एक कांबळं. रेस्तीनं ते स्वतः बांधलं होतं.

अस्नीनं तबक पुढे सरकवलं. त्यातलं पान उचलून तोंडात घातलं की पुरुष परत आईच्या घरचा झाला.

"पान घ्यायच्या आधी," दातुक शांतपणे म्हणाला, "मला सुतान मुडोंना एक विचारायचं आहे. चार माणसं बसली आहेत म्हणून विचारतो. आमच्या बागेत बांडगुळाची एक ओळ होती."

अस्नीनं भावाकडे बघितलं. माजघराच्या पडद्याआड बायका होत्या, तिथली कुजबुज थांबली.

सुतान मुडोनं तबकाकडे हात नेला, सगळ्यांना वाटलं पान घेतोय. त्यानं तबकावरचं जरीचं कापड नीट केलं आणि हात मागे घेतला.

"दातुक, मी पान घेत नाही. तुम्ही मागं म्हणाला होतात, चटई बदलावी. ते अजून खरं असेल, तर मी राहतो."

मग भिंतीकडचा एक म्हातारा खो खो हसला. "उगाच नाही याला तरणा म्हणत! साठी उलटली, पण बुद्धी नाही नाठली, दुसरीकडंच गेली." सगळे हसले. दातुकही हसला, मिशीतल्या मिशीत. त्याचं काम झालं होतं.

"मग ओळीचा प्रश्न मिटला," तो म्हणाला. "घरच्या माणसाला काय विचारायचं? यार्निस, तुझं काय?"

पडद्याआड काहीतरी जमिनीवर आदळलं. तांब्या असावा.

"कुळाला वाटेल ते," आतून आवाज आला. तो इतका कोरडा होता, की हसणारे जरा थांबले.

अस्नीनं तबक ओढून घेतलं. सुपाऱ्या पितळेवर वाजल्या. "मी ओढणी घेऊन, माणसं घेऊन, रस्त्यानं सगळ्यांना सांगत आले, भावाला न्यायला चालले," ती म्हणाली. "झाड वाळलं तरी त्याच्यावर चिकटून काय राहतं, ते तुला मी सांगायला नको, रुस्दी. जन्मभर तेच तोडलंस." आणि ती उठली. त्याला तिच्या पायांना हात लावून सांगावंसं वाटलं, की तसं नाही गं. त्यानं मान खाली घातली.

सगळ्यांत वाईट झालं ते नंतर. माणसं गेल्यावर रेस्ती आली, दाराजवळचं बोचकं तिनं उचललं, आणि ओसरीत न ठेवता मावशीच्या खोलीच्या उंबऱ्यावर नेऊन टाकलं. आत कोयता खणकन वाजला. तिनं त्याच्याकडे बघितलंही नाही. ज्या लेकीसाठी तीन वर्षं तोंड शिवून ठेवलं, तिचं तोंड आता त्याच्यापुढे शिवलं गेलं होतं, आणि ते उसवायचं तर तेच एक वाक्य बोलावं लागणार होतं. तो रडला. म्हातारा माणूस, विहिरीच्या कडेला बसून, मोठ्यानं रडला.

कोतोबारूची माणसं चौथ्या दिवशी येऊन शब्द देऊन गेली. त्यांनाही नवऱ्या मुलीच्या बापाची गोष्ट ऐकून हसू आवरत नव्हतं. हसण्यासारखं घर आहे, आजारी नाही, एवढंच त्यांनी बघितलं. शुक्रवारी सुतान मुडो आणि यार्निसचा निकाह झाला. यार्निस त्या आठवड्यात त्याच्याशी एक शब्द बोलली नाही, आणि रोज संध्याकाळी विहिरीजवळचं झाड खुडत राहिली.

शनिवारी सकाळी तिला कोयत्याच्या आवाजानं जाग आली. ती मागच्या दाराशी धावत आली तेव्हा सुतान मुडो शिडीवर होता. खालचा झुबका जमिनीवर पडला होता. मधल्या फांदीवर, गाठीच्या वीतभर खालून, त्यानं कोयता टेकवलेला होता.

"त्याला हात लावायचा नाही! शब्द दिला होता तुम्ही!"

"तुला नाही दिला."

कोयता बसला. दुसऱ्या घावाला फांदी तुटली आणि अख्खा हिरवा झुबका फुलांसकट तिच्या पायाशी येऊन पडला. मग शेंड्याचा राहिला होता. तोही त्यानं पाडला. कोयता कंबरेला खोवून तो एकेक पायरी मोजत खाली आला.

"कपडे बदल. साडेसातची वडाप आहे."

"कुठं निघालो म्हणून विचारलं कुणी, तर काय सांगू?"

"नवा नवरा, नवी बायको. बुकिटिंगीला बाजार करायला चाललो म्हण. हसतील. हसू दे, हसणारा माणूस पुढं काही विचारत नाही." तो शिडी आडवी करायला वाकला. "तेवढ्यासाठीच राहिलो मी. दुसरं काही नको आहे मला. ओसरीत झोपेन."

यार्निसला राग आवरेना. तिचे डोळे भरून आले, तरी ती रागावूनच बोलली. "मला एकदा विचारलंत तरी का? सगळ्यांपुढं माझी चटई केलीत. मला विचारलंत?"

"जुसला विचारत बसलो होतो," सुतान मुडो म्हणाला. "तीन वर्षं."

ती खाली बसली. पायाशी पडलेल्या झुबक्यातली जून पानं तिची बोटं सवयीनं खुडायला लागली, कोवळे शेंडे राखून. पाच-सात पानं ओटीत पडली. मग तिच्या लक्षात आलं, की आता शेंडे राखून काही उपयोग नाही. तिनं ओटी झटकली आणि ती आत गेली.

तिला तयार व्हायला वेळ लागला, उजवा हात बाहीत जायला तयार नव्हता. रेस्तीला हाक मारता येत नव्हती. तो बाहेर चुना कालवत होता. झाडाच्या तिन्ही जखमांना त्यानं चुना फासला, विहिरीच्या तळाशी उरलेलं पाणी काढून हात धुतले, आणि धुरात दिसेनाशा झालेल्या रस्त्यावर जाऊन, ती येईपर्यंत वडाप अडवून धरली.